पापणीचा केस

प्रयोगशाळेत तिला सगळे अळीमावशी म्हणत. वीस वर्षं ती मिलिमीटरभर लांबीच्या अळ्या सांभाळत होती. लेसरने अळीचा मज्जातंतू कापायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. कधी कधी तुटलेली टोकं एकमेकांना शोधत येत आणि एकजीव होत, वाढत्या अळीच्या कातडीतल्या पेशी एकमेकींत मिसळतात तशीच. मग मावशी काडीला चिकटवलेला स्वतःच्या पापणीचा केस अळीला हळूच लावी. स्पर्श कळून अळी दचकली, की मावशी खूश.

मग एकदा काचेची बशी फुटली आणि मावशीचाच अंगठा बधिर झाला, त्यातला मज्जातंतू तुटला. डॉक्टरांनी शिवला, म्हणाले, "माणसाचं काम गोगलगाईच्या चालीने चालतं. आठ महिने धीर धरा."

आज आठ महिने भरले. तिने तीच काडी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या हातात दिली, अंगठा पुढे केला आणि डोळे घट्ट मिटले.

"लावा की हो एकदाचा! जीव जातोय इथे माझा," ती बाईंवरच खेकसली.

बाई अंगठ्यावर वाकल्या.

"लावताय ना?"

"मावशी," बाईंचा आवाज बारीक झाला, "तिसऱ्यांदा लावला."