हॉर्नची चाल

शाळा लवकर सुटलेल्या माणसाला छापील कागदाची भीती वाटते, आणि त्याचा सगळा भरवसाही छापील कागदावरच असतो. माझी शाळा सातवीत सुटली. मी नगरकडचा. आमच्या पास्टरांनी व्हायोलिन शिकवलं, त्या जोरावर स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी आर्वीजवळच्या एका मिशन दवाखान्यात आलो. उपासनेचं संगीत बघायचं, सहा महिने पारख, मग कायम. घरचं पत्र आठवड्यानं यायचं. सगळ्यांत मी परका, आणि मनात एकच धाकधूक: आपलं शिक्षण इथं कुणाला कळलं तर?

दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टर, मिससाहेब, कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या. निरोपाच्या उपासनेत त्यांना एका जुन्या जर्मन सिंफनीचा संथ भाग ऐकायचा होता. त्यांचे वडील तो ग्रामोफोनवर लावायचे म्हणे. पन्नास-साठ वाद्यांच्या स्वरलिपीचं जाडजूड पुस्तक माझ्या हाती देऊन त्या म्हणाल्या, "हे व्हायोलिन आणि पियानोपुरते करून द्याल ना, मास्तर?" मी हो म्हणालो. नाही म्हणण्याची छाती नव्हती.

दहा दिवस तेच उतरवत बसलो. तारवाद्यांचं सगळं पियानोच्या दोन हातांत बसवलं. मुख्य चाल हॉर्न नावाच्या पितळी वाद्याची होती, ती जशीच्या तशी व्हायोलिनला दिली. शुक्रवारी सकाळी, रविवारला दोनच दिवस उरले असताना, नर्सांना शिकवणाऱ्या पाटोळेबाई पियानोवर बसल्या. आम्ही सुरुवात केली. सगळं बेसूर.

"मास्तर, मी आर्वीच्या गाडीत बसलेय. तुम्ही पुलगावच्या बसलात का?" बाई हसल्या.

त्या गेल्यावर एकेक सूर पुस्तकाशी ताडून पाहिला. सगळं बरोबर. म्हणजे माझे कान गेले, नाहीतर हात गेला. छापलेलं वेगळ्या तऱ्हेनं वाचायचं असेल, हे मनाला शिवलंसुद्धा नाही. पियानोचा एकेक सूर दाबून त्यामागून चाल वाजवली, पुन्हा तेच. शेवटी प्रार्थनेला गुडघे टेकले.

तेवढ्यात शेजारच्या डोळ्यांच्या वॉर्डाच्या ओसरीतून हाक आली. "काऊन रे मास्तर, त्या फिडलले रडवून राह्यला?"

एका डोळ्यावर पट्टी बांधलेला म्हातारा तिथं बसला होता. लग्नाच्या बँडात वाजवायचा, त्याआधी पलटणीच्या बँडात होता. एरवी मी काहीतरी ठोकून दिलं असतं. पण तोंडून निघालं, "बाबा, मला कळत नाही."

"चाल कोन्या वाजाची हाय?"

"हॉर्नची."

तो पोट धरून हसला. "अरे बाप्पा! ते लिवलेलं कुठी बोलते! कागदावर सा, अन् तोंडातून निंघते खालचा म. म्या बारा वर्सं तेच तं फुंकलं. सारी चाल खालच्या पाचव्या सुरावर नेजो. आन् आता तरी आमाले झोपू दे."

चाल नव्यानं लिहून शनिवारी पाटोळेबाईंना पुन्हा बसवलं. चाल खाली व्हायोलिनच्या जाड तारांवर उतरली आणि पियानोत अलगद मिसळली. त्या घडीला त्या म्हाताऱ्याला ओसरीत कुणी आणून बसवलं, यावर मी वाद घालत नाही.

रविवारी मिससाहेबांनी डोळे मिटून ऐकलं. उपासना संपल्यावर विचारलं, "हॉर्नचे हे तुम्हाला कुणी सांगितले?"

काहीतरी ठोकून द्यावं, असं क्षणभर वाटलं. पण आता लपवायला जोर उरला नव्हता. म्हणालो, "वॉर्डातल्या बँडवाल्या बाबांनी. मला येत नव्हतं, मिससाहेब. माझी शाळा सातवीपर्यंतच झालीय."

"ते तुमच्या पास्टरांनी मला पहिल्याच पत्रात लिहिले होते," त्या म्हणाल्या. "म्हणूनच ते काम तुम्हाला देताना मी भीत भीत विचारले. आता मी जाण्यापूर्वी तुम्हाला कायम करते."

मी तिथंच बाकावर बसलो आणि रडलो. जे झाकता झाकता माझी झोप उडाली होती, ते ठाऊक असूनच मला बोलावलं होतं. प्रभू आपल्याला ओळखूनच हाक मारतो, हे तोवर मी नुसतं गात आलो होतो.