पिंपं गेली, बर्फ राहिला

ध्रुवाकडच्या छावणीबद्दल विचारणाऱ्यांना अस्वलांच्या गोष्टी हव्या असतात. मी एकही अस्वल पाहिलं नाही. मी पाहिली ती पिंपं. निळी, प्लास्टिकची, झाकणाला कडी असलेली. आम्हा तिघांचा संडास त्यांत जायचा, भांडी धुतलेलं पाणी त्यांत जायचं, चहाचा चोथासुद्धा. कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एका बेटावर, डोंगरांच्या डोक्यावर बसलेला बर्फाचा प्रचंड घुमट. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत दुसरं काही नाही. आणि तिथे चोथा फेकायला बंदी. जे आणलं ते परत न्यायचं, असा परवान्यातला नियम.

मी तिथे पोचले ती एका पत्रकामुळे. ओटावात कॉलेज, कनाटा उपनगरात भाड्याचं बेसमेंट, संध्याकाळी ग्रोसरी स्टोअरमध्ये माल लावायचा, आणि उरलेल्या वेळात हवामान आंदोलनाची पत्रकं वाटायची. मराठी मंडळाच्या गणपतीत दारापाशी उभी होते. एका म्हाताऱ्या काकांनी पत्रक घेतलं, उभ्याउभ्या पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "'आर्क्टिक रडतंय' म्हणजे काय गं? बर्फ पाहिलायस कधी?"

"पाहिलाय की. दर विंटरला शोव्हल करते."

"तो बर्फ नाही, तो कचरा. मला खोके उचलायला माणूस हवंय. येतेस?"

काका पन्नासेक वर्षांपूर्वी शिकायला आले, प्राध्यापक झाले, रिटायर झाले, पण युनिव्हर्सिटीतली खोली काही सोडली नाही. त्यांचा सगळा जीव त्या एका घुमटात. दर वर्षी पडलेला हिम तिथे थरावर थर दाबून बसलाय, आणि प्रत्येक थरात त्या वर्षाची हवा, धूळ, धूर. पोकळ ड्रिल सोडून त्या बर्फाचा लांब दांडा काढायचा, तुकड्या-तुकड्यांनी. जितकं खोल तितकं जुनं. पण आता वरचं वितळलेलं पाणी खाली झिरपून थर पुसून टाकतंय. पुसलं जायच्या आधी काकांना एक अखंड दांडा हवा होता, वरपासून तळच्या खडकापर्यंत.

"पुढच्या वर्षी नाही का चालणार?" मी विचारलं होतं.

"पुढच्या वर्षी डॉक्टर मला सोडणार नाही आणि बर्फ थांबणार नाही. दोघांत आधी कोण जातो, बघू."

खरं तर एप्रिलमध्येच जायचं होतं. कडक थंडीत. पण पैशांच्या मंजुरीवर सही होईना. ज्या खात्याच्या वेबसाइटवर निळ्या बर्फाचे सुंदर सुंदर फोटो आहेत, त्याच खात्यात फाइल लोळत पडली होती. आम्ही पोचलो तेव्हा मे संपत आला होता.

तिसरा होता ड्रिल चालवणारा, क्युबेकमधल्या लव्हालचा, मशीनला फ्रेंचमध्ये शिव्या घालणारा. तुकडा वर आला की तो "ताबर्नाक!" म्हणायचा, चांगला आला तरी, मोडका आला तरी. मी ब्रशने भुगा झाडायची, तुकडा पिशवीसारख्या मऊ प्लास्टिकच्या नळीत सरकवायची, आभाळाकडची बाजू कळावी म्हणून वर बाण काढायची. उघडा हात लावायचा नाही. तुकड्यावर शिंकायचंही नाही. काका डोळ्याला भिंग लावून बसायचे. चांगला बर्फ दुधासारखा, बारीक बुडबुड्यांचा. वितळून पुन्हा गोठलेला काचेसारखा. वरचे कितीतरी तुकडे काचच.

"हे साल गेलं," काका म्हणायचे.

"पण आहे की इथे. हातात आहे."

"साक्षीदार पिऊन कोर्टात आला तर त्याची साक्ष धरतात का?"

खोल गेल्यावर दूध लागलं. मग काका गाऊ लागले. फार वाईट गायचे. लव्हालवाला मला म्हणाला, "त्यांना सांग, ड्रिलला त्रास होतो." मी मराठीत सांगितलं. काका म्हणाले, "त्याला म्हणावं, तुझ्या शिव्यांपेक्षा बरं." ते मी इंग्रजीत सांगितलं. तेवढं हसणं झालं त्या छावणीत. शेवटी ड्रिल खडकाला लागलं. शेवटच्या तुकड्याच्या टोकाला तपकिरी माती होती. काका त्या मातीकडे नुसते बघत बसले. जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत.

नळ्या भरलेले सगळे खोके बर्फात खणलेल्या खंदकात ठेवले, वर प्लायवूड, त्यावर हिम. आणि दक्षिणेकडून उबदार वारा सुटला. पाऊस पडला. हो, पाऊस. आमची धावपट्टी म्हणजे सपाट केलेलं हिम. तिचा गुडघाभर लगदा झाला. स्की लावलेलं छोटं विमान उतरलं तेच मुळी रुतत. पायलट बाई खाली उतरल्या, बुटाने लगदा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "तुम्ही तिघं, आणि थोडंच सामान. पिंपं नाहीतर खोके. दोन्ही घेतलं तर उठणार नाही. उरलेलं परवाच्या फेरीत."

मी म्हटलं, "खोके. यात विचार कसला करायचा?"

काका म्हणाले, "पिंपं."

"काका, ती घाण आहे! दोन दिवस राहिली तर काय होईल?"

"उलटली तर? हे सगळं पाणी खाली जातं. खाली समुद्रकाठी इनुइटांचं गाव आहे, ते त्यातलेच मासे खातात. आधीच्या लोकांनी इथे तेलाची डबडी टाकली म्हणून त्यांनी ही अट घातलीय. मी त्यांच्या हॉलमध्ये उभा राहून शब्द दिलाय. तुझ्या पत्रकात काय लिहितेस? 'स्थानिकांचा हक्क आधी.' की ते फक्त ओटावापुरतं?"

मग ते पायलट बाईंकडे वळले, अगदी साध्या सुरात: "मला ठेवा. माझ्या वजनात तीनेक खोके बसतील. तळाचे तरी न्या."

"मी इथे कुणालाही सोडून जात नाही," बाई म्हणाल्या. "बसा."

लव्हालवाल्याने एकही शिवी न देता पिंपं चढवली. बर्फ आम्ही आणलेला नव्हता, तो तिथलाच. त्याला परत न्यायची सक्ती कुठल्याच कायद्यात नव्हती.

परवाची फेरी परवा झाली नाही. विमानतळ असलेल्या रेझोल्यूट गावच्या हॉस्टेलात आम्ही खिडकीशी बसून होतो. आधी धुकं. धुकं गेलं तर विमान एका खाण कंपनीच्या सर्वेक्षणाला गेलेलं. त्यांनी पूर्ण सीझनसाठी बुक केलं होतं, आमच्यासाठी मधली फट. मी काउंटरवर भांडले. माझ्यासारखं भांडायला पुष्कळ जण येत असणार, इतक्या शांतपणे त्या माणसाने ऐकून घेतलं. लव्हालवाल्याची नोकरी वाट बघत होती, तो गेला. जाताना काकांना मिठी मारली आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

शेवटी विमानाने परत छावणीवर नेलं तेव्हा काका आणि मीच होतो. खंदकावरचं प्लायवूड आत बसलं होतं. खोके पाण्यात तिरपे तरंगत होते. काकांनी हातमोजे काढले आणि पहिल्यांदाच उघड्या हाताने एक नळी उचलली. आत पाणी, थोडा चुरा. एका नळीच्या कोपऱ्यात चिमूटभर तपकिरी माती साचली होती.

"थोडं तरी ठेवू, काका. बाटलीत."

"कशाला? तीर्थ म्हणून वाटायला? ओत."

ओतलं. एकेक नळी उलटी करून, हलवून. प्लास्टिक मात्र आम्ही आणलेलं होतं, म्हणून रिकाम्या नळ्या घडी करून खोक्यांत भरल्या आणि परत आणल्या.

नंतर मी पत्रक लिहायला बसले. मला शत्रू लागतो, त्याशिवाय वाक्य सुरू होत नाही. सहीवाला? तोपर्यंत त्याची बदली झाली होती. अट? अट बरोबरच होती, तिच्यासाठी मी उद्याही बोर्ड धरून उभी राहीन. खाण? ते निकेल शोधत होते, बॅटऱ्यांसाठी. आणि आमच्याच जुन्या पत्रकात दुसऱ्या पानावर इलेक्ट्रिक बसची मागणी आहे, ठळक अक्षरात, मीच लिहिलेली. चार ओळी लिहिल्या, चारही खोडल्या. रडायचं तर रड बाई आर्क्टिक, तुझ्याकडे बघायला वेळ कुणाला आहे?

फॉलमध्ये, पानं गळायला लागल्यावर, काकांचा फोन आला: कोल्ड रूम रिकामी करायचीय, हात लाव. युनिव्हर्सिटीच्या तळघरात त्यांनी आमच्या दांड्यासाठी एक अख्खी भिंत मोकळी करून ठेवली होती. ती आता दुसऱ्या विभागाला दिली होती. समुद्रातल्या माशांवर संशोधन करणारी एक मुलगी ट्रॉली घेऊन बाहेरच थांबली होती, ओशाळून. काकांनी तिचे डबे स्वतः आत लावले, मला लावू दिले नाहीत.

"निदान तुझं तरी गोठलेलं आहे," ते तिला इंग्रजीत म्हणाले. हसावं की नाही, तिला कळेना.

मग त्यांनी खिशातून दाराचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, "हे दार नीट लागत नाही. जाताना दोनदा ओढून बघत जा."