सुभेदारांचा कोटा

“सुभेदारसाहेब, खरं सांगा. रोज किती घेता?”

सुभेदार जाधवांनी मान हलवली. नाही म्हणून. आणि लगेच वाकून दुसरं भांडं रक्तानं भरलं.

“सगळे असंच म्हणतात,” मी म्हणाले आणि केसपेपरवर लिहून टाकलं: लिव्हर सिरोसिस, कारण दारू.

पुरावा माझ्या हातात होता. जाधव सैन्यातून निवृत्त होऊन जयपूरलाच राहिलेले. झोटवाड्यातल्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर होते. सकाळी गेटवर उभे असतानाच रक्ताची उलटी झाली आणि हाताखालच्या गार्डांनी त्यांना ऑटोत घालून आमच्याकडे आणलं. नाव-पत्ता शोधायला सिस्टर लिलीनं खिशातले कागद काढले, त्यात मिलिटरी कॅन्टीनचं कार्ड निघालं. निवृत्त फौजींना दर महिन्याला स्वस्तात रम मिळते. तिला कोटा म्हणतात. कार्डावर महिन्यांपुढे खुणा होत्या आणि एकही महिना सुटलेला नव्हता. पूर्ण कोटा उचलणारा माणूस आणि रक्ताची उलटी. दोन अधिक दोन चार. तेव्हा मला बेरजा फार पटकन जमायच्या.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची. मी मूळची मिरजेची. यजमान विमा कंपनीत अधिकारी, त्यांची बदली जयपूरला झाली आणि आमचं बिऱ्हाड जवाहर नगरात पडलं. मी पोटाच्या विकारांची डॉक्टर. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागले, आणि मग सहा महिने दिल्लीला जाऊन एंडोस्कोपी शिकून आले. एंडोस्कोप म्हणजे बोटभर जाडीची काळी, लवचिक दुर्बीण. तोंडातून आत घातली की अन्ननलिका, जठर सगळं दिसतं. आज ते चित्र पडद्यावर येतं. तेव्हा पडदा नव्हता. दुर्बिणीच्या टोकाला डोळा लावायचा, आणि जे दिसेल ते एकट्यानं पाहायचं. बाकीच्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

आमचे सर्जन आणि विभागप्रमुख डॉ. माथूर यांचा माझ्या शब्दावर फारसा विश्वास नव्हता. माणूस उत्तम, हात त्याहून उत्तम. पण पोट उघडून स्वतः पाहिल्याशिवाय त्यांना काही खरं वाटायचं नाही. माझ्या दुर्बिणीला ते ‘खिलौना’ म्हणायचे.

सुभेदारांना काय झालं होतं ते आधी सांगते. आतड्यांतलं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृताकडे जातं. सिरोसिसनं यकृत कडक होऊन किंवा आणखी कशानं ती वाट तुंबली की रक्त आडवाट शोधतं आणि अन्ननलिकेच्या बारीक शिरांत शिरतं. त्या शिरा एवढ्या रक्तासाठी बनलेल्याच नसतात. त्या फुगत जातात आणि एक दिवस फुटतात. मग माणूस भांडीच्या भांडी रक्त ओकतो. तेव्हा आमच्याकडे उपाय होता रबरी नळीचा. नळीला दोन फुगे असतात. नाकातून ती आत घालायची, फुगे फुगवायचे आणि शिरा आतून दाबून धरायच्या. पण फुगे जास्त वेळ ठेवता येत नाहीत, अन्ननलिकेला इजा होते. एका दिवसाच्या आत काढावेच लागतात. काढले की बऱ्याचदा रक्त पुन्हा सुरू. त्यापुढे एकच मार्ग, ऑपरेशन. रक्त गेलेल्या माणसाला टेबलावर घ्यायचं म्हणजे देवाचं नाव घेऊनच.

दिल्लीला मी एक नवीन गोष्ट शिकले होते. दुर्बिणीतूनच एक लांब, बारीक सुई आत सरकवायची आणि फुगलेल्या शिरेत औषध टोचायचं. औषध काही नवलाचं नव्हतं. पायाच्या फुगलेल्या शिरांवर सर्जन जे टोचतात, तेच. शीर आतून चिकटते आणि मिटते. पोट न उघडता! ती सुई मी दिल्लीहून आणून कपाटात ठेवली होती आणि चार महिने रोज तिच्याकडे बघत होते.

फुगे फुगवून रक्त थांबलं, तशी मी धावत माथूरसाहेबांकडे गेले.

“सर, कल सुबह सुई लगाते हैं. अपना पहला केस!”

त्यांनी केसपेपर उघडला. माझंच अक्षर त्यांनी मला वाचून दाखवलं. “शराब. सिरोसिस. डॉक्टर साहिबा, लिवर खत्म है तो सुई क्या करेगी? पहला ही केस मर गया तो ट्रस्टी तुम्हारा खिलौना अलमारी में बंद कर देंगे. फिर दस साल कोई हाथ नहीं लगाएगा.”

“और ऑपरेशन?”

“शराबी का? मैं नहीं करूँगा. बैलून रखो. बाकी ऊपरवाला.”

मला राग आला, पण काढणार कुणावर? केसपेपर मीच लिहिला होता ना!

दुपारी जाधवांची बायको आली. किरकोळ बांध्याची, सातारच्या बाजूची बाई. मी मराठी बोलते हे कळल्यावर तिचा चेहरा उजळला. मी तिला सगळं समजावलं आणि शेवटी, डॉक्टरी थाटात, दारूबद्दल दोन शब्द सुनावले. तिचा चेहरा क्षणात बदलला.

“कुनी सांगितलं तुमास्नी, हे पितात म्हून?”

“कार्डावर आहे, वहिनी. दर महिन्याला कोटा उचललाय.”

“उचललाय की! उचलला म्हंजी पिला व्हय? पंचवीस वर्सं संसार झाला माझा. एक थेंब न्हाई घेतला ह्यांनी.”

“मग बाटल्या जातात कुठे?”

“ट्रंकंत!” ती म्हणाली. “हक्काचं हाय, सोडायचं कशापायी, आसं म्हनत्यात. पोरीच्या लग्नाला गावी न्यायच्यात. आमच्या गावात घरटी एक फौजी हाय, ताई. मांडवात नुसत्या सरबतावर भागतंय व्हय?”

मी हसले. चक्क हसले. “वहिनी, सगळ्यांच्याच बायका असं सांगतात.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि निघून गेली. मला वाटलं, बाहेर जाऊन रडत असेल.

दोन तासांनी खालून चौकीदाराचा आवाज आला. “मैडम! ये औरत दारू लेके अंदर आ रही है!”

जिन्यावरून कारखान्यातले दोन गार्ड एक काळी लोखंडी ट्रंक वर आणत होते. तिच्यावर पांढऱ्या रंगात सुभेदारांचा नंबर आणि नाव. मागून वहिनी. पुरुषांच्या वॉर्डासमोर ट्रंक ठेवली आणि तिनं झाकण उघडलं. आत रमच्या बाटल्या, एकेक बाटली जुन्या लष्करी मोज्यात गुंडाळलेली. प्रत्येकीचं सील जसंच्या तसं आणि गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: महिना आणि साल. वॉर्डातले पेशंट माना लांब करून बघू लागले. एकजण सलाइनच्या स्टँडसकट दारापर्यंत आला.

नेमके तेव्हाच माथूरसाहेब ऑपरेशन थिएटरमधून बाहेर पडले. “ये अस्पताल है कि कैंटीन?”

“साब, कार्डसे मिलाव,” वहिनींनी आपल्या हिंदीत ठणकावलं. “एकेक देखके मिलाव!”

सिस्टर लिली खाली बसली आणि कार्ड घेऊन महिने जुळवू लागली. सगळे जुळले. फक्त एक कमी निघाला.

“ती दिवाळीत गॅसवाल्या भैयाला दिली,” वहिनी जराशा ओशाळल्या. “सिलेंडरच दीना मेला.”

मी कुणाकडे न बघता सरळ सुभेदारांच्या कॉटपाशी गेले आणि जे सकाळी करायला हवं होतं ते तेव्हा केलं. नीट तपासलं. डोळे पांढरे स्वच्छ, कावीळ नाही. पोटात पाणी नाही. सिरोसिसमध्ये दंडाचं मांस झडतं, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या रेषा उमटतात. इथं त्यातलं काहीच नव्हतं. एवढं रक्त जाऊनही माणूस पुरता शुद्धीवर, बोट धर म्हटलं की घट्ट धरत होता. पण डाव्या बाजूला हाताला काय लागलं म्हणता? प्लीहा! बेंबीपर्यंत आलेली, दगडासारखी. तिचं रक्तही यकृताकडच्या त्याच शिरेतून जातं; ती वाट वर्षानुवर्षं तुंबलेली असल्याशिवाय प्लीहा एवढी वाढत नाही. सकाळी मी तिथं नावापुरता हात ठेवला होता, कारण उत्तर मला आधीच ‘माहीत’ होतं.

आपल्या देशात एक आजार दिसतो. यकृत चांगलं असतं, पण त्यात रक्त नेणाऱ्या शिरेच्या फांद्या बुजत जातात. का बुजतात हे तेव्हा कळत नव्हतं आणि आजही पुरतं कळलेलं नाही. दारूशी त्याचा काही संबंध नाही. अशा माणसाचं रक्त थांबवलं तर तो पुढं वर्षानुवर्षं धडधाकट जगू शकतो.

मी पळतच परत गेले. “सर, लिवर ठीक है! सिर्फ रास्ता बंद है!”

“सीलबंद बोतलों से ये साबित हो गया?”

“बोतलों से नहीं. आप खुद हाथ लगाकर देखिए.”

ते आले. डोळे मिटून बराच वेळ पोट तपासत राहिले. मग केसपेपर मागवला, माझी ओळ पेनानं खोडली आणि म्हणाले, “सुबह आठ बजे. आधा घंटा तुम्हारा. खून नहीं रुका तो पेट मैं खोलूँगा. थिएटर तैयार रहेगा.”

सकाळी आठला सुभेदार डाव्या कुशीवर. घशात सुन्न करणारा फवारा, नसेतून थोडं झोपेचं औषध. कारखान्यातल्या चौघांनी दिलेलं रक्त हातातून चढत होतं. मी फुगे सोडले, नळी काढली, दुर्बीण घातली आणि डोळा लावला. सगळं लाल.

“क्या दिख रहा है?” माथूरसाहेब.

“खून.”

“वो तो मुझे भी मालूम है!”

पाणी मारलं. ओढून घेतलं. पुन्हा पाणी. आणि मग दिसल्या! निळसर, फुगीर, गांडुळांसारख्या चार शिरा अन्ननलिकेच्या भिंतीवरून खाली गेलेल्या. एकीच्या टोकातून बारीक धार उडत होती, नळाच्या वायसरमधून उडते तशी. मी ओरडलेच, “मिल गया, सर!”

“कहाँ? कितना? बोलो ना!”

मी क्रिकेटची कॉमेंट्री करावी तसं बोलत सुटले. दुर्बिणीच्या टोकातून सुई बाहेर काढली. पहिल्यांदा टोचली ती निसटली. धार वाढली, समोर पुन्हा लाल. सिस्टर लिलीनं रक्तदाब सांगितला, खाली येत होता. माझ्यामागे माथूरसाहेब हातमोजे चढवत असल्याचा आवाज आला. पुन्हा पाणी मारलं, धारेच्या जरा खाली सुई रुतवली. रुतली! “दो सीसी!” सिस्टरनं औषध ढकललं. शीर फुगली, फिकट पडली. धार आखूड झाली. थेंब झाली. थांबली.

मी डोळा हलवला नाही. एक मिनिट. दोन मिनिटं. काही नाही. मग उरलेल्या तिन्ही शिरा टोचल्या.

“सर,” मी म्हणाले, “अब आप देखिए.”

माथूरसाहेबांनी चष्मा काढला, वाकले आणि डोळा लावला. मग तसेच वाकलेले असताना ते लहान मुलासारखे ओरडले, “अरे! ये तो बंद हो गया! अंदर से ही बंद हो गया!” आणि पाच मिनिटं डोळा काही सोडेनात. शेवटी मलाच म्हणावं लागलं, सर, पेशंटला गुदमरतंय. त्या दिवसापासून ‘खिलौना’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. संध्याकाळी ते मला म्हणाले, “मुझे भी सिखाओगी?” मला नाचावंसं वाटलं.

दर तीन आठवड्यांनी सुभेदार येत राहिले. चार खेपांत शिरा पार मिटल्या. मधल्या काळात सुईनं यकृताचा एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. यकृत जवळजवळ निरोगी होतं.

तो रिपोर्ट घेऊन मी त्यांच्यासमोर बसले आणि माफी मागितली. ते ताठ बसून ऐकत होते.

“मॅडम, तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणालो होतो.”

“हो. मी ऐकलं नाही.”

“ते जाऊ द्या. पण एक विचारू का? समजा, मी पीत असतो. तर सुई टोचली नसती?”

मी रिपोर्टाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. खरं उत्तर होतं, नसती. ते म्हणायची मला लाज वाटली. नुसती नाही, चांगलीच वाटली. त्या एका ओळीवरून माथूरसाहेब नाही म्हणाले होते, आणि मी ते मान्य केलं होतं.

दोन महिन्यांनी एक ट्रकड्रायव्हर आला. रक्ताची उलटी, डोळे पिवळे, पोटात पाणी. जवळ जाण्याआधीच वास येत होता. इथं शंकेला जागाच नव्हती. दुर्बिणीच्या खोलीच्या दारात माथूरसाहेब भेटले.

“पीता है?”

“हाँ सर. रोज. आज सुबह भी पी है,” मी म्हणाले. “सुई तैयार है.”

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि आत आले. त्या वेळी रक्त थांबलं. ड्रायव्हरनं दारू काही सोडली नाही आणि त्याचं यकृत त्याला दीड वर्षाहून जास्त पुरलं नाही. पण त्या दीड वर्षात त्यानं आपल्या धाकट्या भावाला ट्रक चालवायला शिकवलं आणि लायसन्स काढून दिलं. हे त्या भावानंच येऊन मला सांगितलं.

आता या शिरांना सुई टोचत नाहीत, दुर्बिणीतूनच रबरी कडी चढवतात. फुटण्याआधीच शिरा शोधतात, दाब कमी करायच्या गोळ्या देतात. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांना मी हे सगळं शिकवलं. त्यासोबत एक सवयही लावली. पेशंट काय घेतो हे जरूर विचारायचं, पुढच्या उपचारांना ते लागतं. पण विचारायचं रक्त थांबल्यावर.