मेंढीच्या तोंडातलं वय

हिंगोलीत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्याला अर्धा दिवस पोरांना शिकवावं लागतं आणि अर्धा दिवस लाईटची वाट पाहावी लागते. मी दोन्ही कामं सत्त्याण्णवपासून केली. त्यानं माझा स्वभाव चिडका झाला असं घरचे म्हणतात. मी म्हणतो, तो आधीपासूनच होता. पण सांगायचं आहे ते शिवकन्येबद्दल. तिच्या गोष्टीत एक चूक माझी आहे. ती गाळली तर गोष्ट खोटी होईल, म्हणून तीही सांगतो.

शिवकन्या सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका वस्तीवरची. वडील पुंजाजी मेंढरं राखायचे, अजूनही राखतात. दोन हजार एकला बारावी होऊन ती क्लासला आली तेव्हा दाराबाहेर चपला काढून बसली आणि माऊसला हात लावू का, असं विचारलं. तीन वर्षांत तिचं विचारणं बंद झालं, आणि पुढे मीच तिला विचारू लागलो. जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा मी पुस्तकातून शिकलो, ती माझ्या चुका काढून शिकली. मग मी तिला क्लासमध्येच शिकवायला ठेवलं.

दोन हजार सहाला एका संस्थेनं आमच्याकडे काम दिलं. औंढा आणि वसमत तालुक्यांत मेंढ्यांची पैदास सुधारायची म्हणून संस्था चांगल्या जातीचे मेंढे वाटणार होती. ज्या वस्तीवर पाच वर्षांच्या आतल्या मेंढ्या पुरेशा, तिथेच मेंढा जाणार. गावोगावहून भरून आलेल्या कागदांवरून ही यादी काढणारा प्रोग्राम शिवकन्येनं लिहिला. तिच्या नावावरचं हे पहिलंच काम. यादी पटली तर साऱ्या जिल्ह्याचं काम तिच्याकडे येणार होतं, नाहीतर ते बाहेरच्या कंपनीला जाणार होतं.

आता थोडं कामातलं सांगावं लागेल. कागदावरून टाईप केलेलं 'आठ' हे कॉम्प्युटरच्या लेखी नुसतं अक्षर असतं. त्याची बेरीज होत नाही, ते पाचापेक्षा मोठं की लहान हे ठरत नाही. आधी त्या अक्षराचा आकडा करून घ्यावा लागतो. हे करताना प्रोग्राम एका कागदावर अडला, कारण वयाच्या रकान्यात कुणीतरी 'जुळली' असं लिहिलं होतं. शिवकन्या त्या दिवशी परीक्षेला परभणीला गेलेली, संस्थेचे फोनवर फोन, आणि लाईट जायला चाळीस मिनिटं उरलेली. सगळे दात आले की जनावर जुळलं म्हणतात, एवढं मलाही ठाऊक होतं. मी तिच्या प्रोग्राममध्ये एक ओळ घुसवली: 'जुळली' दिसलं की आठ धर, 'झिजली' दिसलं तरी आठ धर, 'आदत', म्हणजे अजून दुधाच्या दातांची, दिसलं की शून्य. आठ म्हणजे आठ काय, हा प्रश्न मला पडला नाही. प्रोग्राम सुरळीत चालला आणि मी स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

यादीत तेरा वस्त्या बाद झाल्या. तेराही मेंढपाळांच्या. वसमत तालुक्यातली हट्टा गावाकडची शेतीवाली गावं, जिथे घरामागे चार-पाच मेंढ्या, ती सगळी पास. संस्थेच्या साहेबांनी फोनवर निकालच देऊन टाकला: ही माणसं म्हाताऱ्या मेंढ्या सांभाळत बसतात, नाहीतर मनाला येईल ते लिहून देतात. शुक्रवारच्या बैठकीत यादी कायम होणार होती.

रविवारी शिवकन्या यादी घरी घेऊन गेली आणि बापाला वाचून दाखवली. पुंजाजींना लिहिता-वाचता येत नाही, पण ऐकायला ते पक्के. दुसऱ्याच पानावर त्यांनी तिला थांबवलं.

"आठाची मेंढी म्हातारी कोन म्हन्लं? चार वर्साची हाय ती. आता कुठं भरात आली."

मेंढपाळ मेंढीची वर्षं मोजत नाहीत. दोनशे जनावरांत कोण कधी जन्मलं हे कोण लक्षात ठेवणार? ते तोंड उघडून दात बघतात. दोन दाती सव्वा-दीड वर्षाची, चार दाती दोनाची, सहा दाती तिनाची, आठ दात आले की जुळली, म्हणजे चाराची, आणि दात झिजले की झिजली, म्हणजे पाचाच्या पुढची. कागदानं वय विचारलं, त्यांनी दात सांगितले. शेतकऱ्याला मात्र आपल्या चार मेंढ्यांतली कोणती कुठल्या दिवाळीची ते पाठ असतं, म्हणून त्यानं वर्षं सांगितली. खोटं कुणीच बोललं नव्हतं. एकाच रकान्यात दोन गोष्टी आल्या आणि आम्ही दोन्हींचा सारखाच आकडा करून टाकला.

सोमवारी ती आली आणि बसायच्या आधी म्हणाली, "सर, आकडा एकच हाय, पन जिन्नस दोन हायेत."

मी म्हटलं, कागद बघून हातानं दुरुस्त कर आणि मोकळी हो. तिनं ऐकलं नाही. तिनं प्रोग्राममध्ये 'दात' हा एक प्रकार केला, 'वर्ष' हा दुसरा, आणि एकातून दुसऱ्यात नेणारं एकच यंत्र लिहिलं. जावात तेव्हा नुकतंच जनरिक्स आलं होतं. पुस्तकातलं ते प्रकरण मी परीक्षेला येत नाही म्हणून सोडून द्यायचो. आपला चक्कीवाला जसा डब्यावर गहू की ज्वारी ते आधी लिहून घेतो, तसं हे. चक्की तीच, पण आत काय जाणार आणि बाहेर काय येणार हे आधी लिहायचं. वर्षाच्या जागी दात ठेवले तर प्रोग्राम चालायच्या आधीच कॉम्प्युटर अडवतो. माझी ती ओळ तिथे एक मिनिट टिकली नाही.

पण कोणत्या गावच्या कागदांच्या गठ्ठ्यात दात आणि कोणत्या गठ्ठ्यात वर्षं, हे कसं कळणार? तेही तिला बापाच्या धंद्यानंच सुचवलं. मेंढीचे दात जोडीनं येतात. ज्या गठ्ठ्यात एक, तीन, पाच असे आकडे, तिथे वर्षं. जिथे एकही विषम आकडा नाही, तिथे दात. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. चार गठ्ठे तरीही संशयाचे राहिले, तिथे ती एसटीनं जाऊन विचारून आली. गुरुवारी दुपारी नवी यादी छापून झाली. ती तिनं उभ्यानंच वाचली आणि फाईलला लावली.

शुक्रवारी साहेबांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि विचारलं की, मेंढपाळांची मुलगी, मेंढपाळ बाद झाले, म्हणून आकडे बदलले का? माझं डोकं फिरलं. मी उठून सांगितलं की पहिल्या यादीतली चूक माझी, तिला न विचारता मी ओळ घातली होती. हे बोलताना लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

शिवकन्या शांत होती. "आकडा एकबी बदलला न्हाई साहेब. कागदावर आठ हुतं, आताबी आठच हाय. फक्त आठ काय, ते लिवलंय."

साहेबांनी बोट फिरवत यादी वाचली. तेरातल्या बारा वस्त्या आत आल्या होत्या. तेरावी अजूनही बाद होती. तिथले निम्मे कळप झिजलेल्या दातांचे. साहेबांनी नाव वाचून वर पाहिलं.

"ही तुमचीच वस्ती ना?"

"व्हय."

त्यांनी सही केली. जिल्ह्याचं काम तिला मिळालं.

मला मात्र राहवलं नाही. रविवारी मी त्यांच्या वस्तीवर गेलो. दोन-चार जण रुसलेले होते, माझ्याशी कुणी धड बोललं नाही. पुंजाजी कळपात उभे होते. मी म्हटलं, तिच्या हातात होतं, आणि तुमचीच वस्ती राहिली. त्यांनी जवळची मेंढी धरली, ओठ वर करून तिचे झिजलेले दात मला दाखवले आणि तिला सोडून दिलं.

"दात झिजलेत ते मलाबी दिसून राहिलं, सर. पोरीनं तेच लिवलं. पोरगी माझी हाय, हे आता हिंगोलीलाबी ठाव झालं."