खुंट्यांना घातलेलं तेल

माझा नवरा दिवसभर जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात कॉम्प्युटरशी झटापट करतो आणि संध्याकाळी ऊद वाजवतो. ऊद म्हणजे अर्ध्या भोपळ्यासारखं पोट असलेलं अरबी तंतुवाद्य. इथल्या आखाती उन्हाळ्यात बाहेर उभं राहवत नाही, म्हणून संगीत महोत्सवही मॉलमध्येच भरतात. त्याचे इराकी उस्ताद शिष्यांना घेऊन तिथे वाजवतात. त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच एकट्यानं वाजवायला सांगितलं होतं. नीट झालं तर उन्हाळाभर ती जागा त्याची.

सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. लेक एवढ्या लोकांसमोर वाजवणार म्हणून दुपारी त्यांनी ऊदाला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. मला कौतुकच वाटलं.

मॉलमध्ये आम्ही दोघी पुढेच बसलो. पडद्याआड सूर लावायला त्याला फारच वेळ लागत होता. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. वाजवायला लागला, आणि थोड्याच वेळात एक तार उतरली. त्यानं खुंटी पिळली. ती परत सैल झाली. मग दुसरी. मागे पांढरे पायघोळ कंदुरे घातलेले म्हातारे अरब बसले होते, त्यांतला एक "यल्ला, हबीबी" म्हणाला, म्हणजे "चल रे, लाडक्या". धीर द्यायलाच असेल, पण मला तो टोमणाच वाटला.

"आज याला झालंय तरी काय?" मी पुटपुटले.

सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "अगं, खुंट्या फार कुरकुरत होत्या. पूजेच्या वेळी थेंब थेंब खोबरेल सोडलं मी. बिजागरीला सोडतो तसं."

"आई!" मी जवळजवळ ओरडलेच. लाकडानं लाकूड घट्ट धरलं तर खुंटी जागेवर राहते. तेल लागलं की ती घसरणारच. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! मला भयंकर राग आला, आणि तो गिळून मी समोर बघत बसले.

त्यानं एका हातानं खुंटी दाबून धरत कसंबसं संपवलं. टाळ्या पडल्या, पण सांत्वनाला पडतात तशा.

नंतर उस्तादांनी खुंटीवर बोट फिरवून वास घेतला. "ऑइल? हू डिड धिस?"

"आय डिड," नवरा म्हणाला. "माय मिस्टेक."

सासूबाईंना शब्द कळले नसतील, पण लेकाची खाली गेलेली मान कळली. त्या पुढे झाल्या आणि मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "मैंने डाला. उसका कुछ चूक नहीं."

उस्तादांनी हात छातीवर ठेवून त्यांच्यापुढे मान लववली. मग नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाले, "खलास. धिस समर, समबडी एल्स." उन्हाळाभराची जागा गेली.

पार्किंगमध्ये मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवऱ्यानं गाडीचं मागचं दार उघडलं. "डिकी तापलीय," तो आईला म्हणाला. "तू मांडीवर घेऊन बस." आणि त्यानं ऊद तिच्या मांडीवर ठेवला.

ऊद मेथा या वस्तीतलं आमचं घर येईपर्यंत सासूबाईंनी दोन्ही हातांनी वाद्याचं पोट धरून ठेवलं होतं. खुंट्यांच्या बाजूला त्यांनी एकदाही बोट जाऊ दिलं नाही. माझा राग गेला नव्हता, पण तो कोणावर काढावा ते मला कळेना.