अर्ध्या बोटाचा डाव

भरल्या हॉलमध्ये एजाजला चोर म्हटलं गेलं. त्या गोष्टीला पंधरा दिवस झाले, तरी माझा राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. मला लिहायची सवय नाही. चुकलं तर चुकलं.

एजाज नारपोलीतच जन्मला आणि तिथेच कापडाच्या कारखान्यात लूमवर लागला. वय चाळीसच्या आसपास. एकटा सहा लूम सांभाळतो. धागा तुटला की बोलता बोलता गाठ मारतो आणि कुठे मारली ते कापडात शोधून सापडत नाही. मी त्याच कारखान्यात बावीस वर्षं मेहताजी होतो, म्हणजे कामगारांची हजेरी आणि मालाची ये-जा बघायचो. मालक तुळशीराम शेठ माझ्याच भावकीतले. एजाजच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे. ते कसं गेलं ते पुढे येईलच.

कारखान्याच्या भिंतीला लागून गुणाबाईचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. तीन जुन्या मशीन, त्यातली एक मारामारीच्या गेमची. शुक्रवारी लूम बंद असले की एजाज जेवून तिथे उभा राहायचा. बोट गेल्यावर हाताला सवय व्हावी म्हणून त्याने खेळायला सुरुवात केली होती. मीही जायचो. मला खेळता येत नाही, मी बाकावर बसून बघायचो.

त्या गेममध्ये लाल लंगोटाचा एक पैलवान आहे. त्याचा एक खास डाव आहे. दांडा मागे ओढायचा, खालून अर्धा गोल फिरवत पुढे न्यायचा आणि दोन बटनं दाबायची. पण दोन्ही एकदम दाबली तर डाव लागत नाही, आणि एकामागून एक दाबली तर तोवर उशीर झालेला असतो. दोन्हींच्या मध्ये केसाएवढं अंतर पडलं पाहिजे. ते साधलं तर पैलवान समोरच्याच्या छातीवर पाय देऊन वर उडतो, हवेत उलटा होतो आणि उतरताना त्याच्या कानशिलात अशी ठेवून देतो की पडदा पांढरा पडतो. समोरचा गडी उभ्या उभ्या झुलायला लागतो, डोक्याभोवती तारे फिरतात. तो भानावर येईपर्यंत हवं तेवढं मारून घ्या.

बाकीच्यांना हा डाव शंभरात एकदा, तोही नशिबाने लागायचा. एजाजला दर वेळी. तो बोटांनी बटनं दाबायचाच नाही, अख्खा पंजा एकदाच आपटायचा. पूर्ण बोट आधी पोचायचं, अर्धं बोट जरासं मागून. ते केसाएवढं अंतर त्याच्या हातातच होतं.

गुणाबाई गल्ल्यावरून ओरडायची, "मेल्या, बोट गेलं म्हणून रडत व्हतास. आता बघ, अर्ध्या बोटाचा राजा झालास!"

"मावशी, पुऱ्या बोटाचा हमालच बरा होतो," एजाज म्हणायचा. आम्ही हसायचो. मी कमी हसायचो.

यंदा शेठचा मुलगा प्रितम याने गेमची स्पर्धा भरवली. शेठचाच लग्नाचा हॉल, मोठा पडदा, हातात माईक घेऊन प्रितम. गुणाबाईकडे आहे तसलीच मारामारीच्या गेमची मशीन भाड्याने आणली होती. ती टेम्पोतून उतरवून हॉलमध्ये मांडायला आदल्या दिवशी शेठने कारखान्यातली माणसं लावली. त्यात एजाजही होता.

शुक्रवारी दुपारी तो सगळ्यांना हरवत शेवटच्या लढतीपर्यंत पोचला. समोर कल्याणची मृणाली नावाची कॉलेजातली मुलगी, खेळायला फार चलाख. पहिली फेरी तिने मारली. दुसऱ्या फेरीत एजाजचा डाव चार वेळा लागला, तिसऱ्यात पाच वेळा. हॉल उठून उभा राहिला. नारपोलीचे कामगार बाकड्यांवर चढले होते. एजाज जिंकला होता. मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात प्रितम माईकवर म्हणाला, "थांबा थांबा. नऊपैकी नऊ? हे हाताने होत नाही, भाई. काल मशीन कोणी मांडली? एजाजभाईंनीच ना? आत काय घालून ठेवलंय?"

"मी काय चोर हाय काय?" एजाज म्हणाला.

"चोर म्हणत नाही. खोलून बघू."

स्क्रू काढून सगळ्यांसमोर मशीन खोलली. आत वायरी आणि धूळ, बाकी काही नाही. मग प्रितम हसत म्हणाला, "हात दाखव बघू." आणि एजाजने, माझ्या मुलाच्या वयाच्या त्या माणसाने, परीक्षेत पकडलेल्या पोरासारखा हात पुढे केला. फोटोवाल्याने कॅमेरा त्यावर धरला आणि मोठ्या पडद्यावर तो पंजा दिसला. अर्धं बोट लोट्याएवढं मोठं दिसत होतं.

"अरे! हे कुठे हरवलंस?" प्रितमने विचारलं. पुढच्या रांगेतले काही लोक हसले.

एजाज म्हणाला, "मेहताजींना विचारा. हॉस्पिटलात तेंनीच सांगितलं होतं."

प्रितमने माईक माझ्या तोंडाशी धरला. मी माईकवर कधी बोललेलो नाही. लग्नातसुद्धा आशीर्वाद द्यायला मी पुढे जात नाही. शेठ समोरच बसले होते. पण त्या हसण्याने माझं डोकं फिरलं होतं.

मी म्हणालो, "तुझ्या बापाच्या लूममध्ये गेलं ते. सहा वर्षांपूर्वी."

"चांगदेव, खाली बस," शेठ म्हणाले.

मी बसलो नाही. सगळं सांगितलं. चाकांवर रुई साचते. ती काढायची तर लूम थांबवावा लागतो, आणि लूम थांबवलेला शेठला चालत नसे. म्हणून सगळे चालू लूममध्येच हात घालून रुई काढायचे. चाकांवरचं लोखंडी झाकण तेल घालताना आड येतं म्हणून शेठने काढून ठेवलं होतं. एजाजचा हात आत गेला. हॉस्पिटलात घेऊन गेलो मी, आणि तिथे शेठने शिकवल्याप्रमाणे, घरच्या दरवाजात बोट चेंगरलं असं सांगितलंही मीच. भावकीतला माणूस म्हणून. एजाज तेव्हा बेशुद्ध होता, नंतर हॉस्पिटलच्या कागदावरून त्याला ते कळलं.

मला वाटलं, आता तरी हे माफी मागतील. प्रितम बापाजवळ वाकला, दोघं काहीतरी बोलले, आणि परत माईकवर येऊन तो म्हणाला, "चोरी नाही, मान्य. पण ज्याचं बोट अर्धं आहे त्याला या डावात जास्तीचा फायदा मिळतो. तो इतर खेळाडूंवर अन्याय आहे. म्हणून कप मृणालीला."

जास्तीचा फायदा! बोट यांनी खाल्लं आणि वर फायदा एजाजचा! मृणाली म्हणाली, "मी हरले आहे, मला नको." पण प्रितमने कप तिच्या हातात कोंबला आणि फोटोवाल्याला खूण केली. गुणाबाईने तिथे उभं राहून ज्या शिव्या घातल्या त्या मला लिहिता येणार नाहीत, पण त्यातली एकही जास्त नव्हती.

बाहेर रस्त्यावर मी एजाजला गाठलं. "माफ कर बाबा," म्हटलं.

तो वळला. इतका संतापलेला मी त्याला पाहिला नव्हता. "सहा साल, मेहताजी! रोज माझ्या बाजूला बसून चाय पीत होतात. आज गेम हरलो तवा तोंड उघडलंत?"

मी पुन्हा माफी मागायला गेलो, तर त्याने हात वर करून मला थांबवलं.

"हॉलमधी बोललात ते हवेत गेलं. सोमवारी कामगार ऑफिसात जातो मी. लिहून द्या."

"देतो."

"आत्ता द्या. सोमवारपर्यंत तुमची भावकी येल घरी."

खरंच होतं ते. आम्ही गुणाबाईच्या दुकानात गेलो. तिने वहीतला कागद फाडून दिला. एजाज दर शुक्रवारी खेळायचा त्या मशीनच्या काचेवर कागद ठेवून मी लिहायला लागलो. अक्षर वेडंवाकडं येत होतं. लिहून झाल्यावर एजाज म्हणाला, "वाचा."

मी वाचलं: "एजाज यांच्या बोटाला कारखान्यात अपघात झाला, तेव्हा मी हजर होतो..."

"अपघात खोडा," तो म्हणाला.

"मग काय लिहू?"

"झाकण काढून ठेवलेलं होतं, असं लिहा. कोणी काढलं तेबी लिहा. नावासकट."

मी अपघात खोडला आणि तुळशीराम शेठचं नाव लिहिलं.