लायसन्सची तारीख आणि छातीतलं दुखणं

"तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज आहेत. बायपास लागेल, आणि त्यासाठी त्यांना डब्लिनला हलवावं लागेल," आयर्लंडमधल्या स्लायगोच्या डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं. २०२० चा ऑक्टोबर होता. कोविडमुळे आत सोडत नव्हते, म्हणून मी पार्किंगमध्ये गाडीत बसून होते.

त्याच्या छातीत आज सकाळपासूनच दुखतंय, असं मी म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "ते स्वतः जूनपासून म्हणताहेत."

माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, चार महिने माझ्यापासून काय लपवलं आणि का, ते सांगते. दुसऱ्या कुणाच्या घरी असंच चाललं असेल.

मिलिंद नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. नोकरी सोडून त्याने इथल्या एका खेड्यात छोटं दुकान घेतलं. दूध, ब्रेड, पेपर, थोडे आपले मसाले. पण गावकरी बिअर आणायला गाडी काढून सुपरमार्केटला जात आणि येताना दूध-ब्रेडही तिथूनच आणत. बिअर-व्हिस्कीचं नवं लायसन्स नुसती फी भरून मिळत नाही. आधी कुणाचं तरी जुनं लायसन्स विकत घेऊन रद्द करायचं, मग कोर्टाची परवानगी, वर दरवर्षीची फी वेगळी. मॉरीन नावाच्या एका विधवा बाईंचा पब बंद पडला होता. त्यांच्या लायसन्सच्या किमतीत आमची सगळी शिल्लक जाणार होती, आणि बाकीच्या रकमेसाठी बँकेचं कर्ज.

दुधाचे क्रेट उचलताना मिलिंदच्या छातीतली कळ जबड्यापर्यंत जायची. तो इनो घ्यायचा आणि ॲसिडिटी म्हणायचा. डॉक्टरांकडे गेलो तर आजार कागदावर येईल आणि बँक मागे हटेल, ही त्याची भीती.

अँजिओग्रॅम म्हणजे मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात. ते फोटो पाहिल्यावर लपवायला काही उरलं नाही.

कोर्टाची तारीख आणि ऑपरेशन एकाच आठवड्यात आलं. वॉर्डमधून त्याचा फोन आला, तू कोर्टात जा, इथे तुला आत घेणारच नाहीत. ते खरंच होतं. मी गेले.

कोर्टाच्या पायऱ्यांवर असतानाच डब्लिनहून नर्सचा फोन आला. ऑपरेशनची वेळ अलीकडे आली होती, त्याला आत्ताच नेत होते. तिने फोन त्याच्या हातात दिला.

"मी लपवलं," मिलिंद म्हणाला. "रागावलीस?"

"हो."

"मग मी परत आल्यावर रागव."

फोन ठेवला तेव्हा आमचे वकील शेजारी उभे होते. बँकेला हे माहीत आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही, मी म्हणाले. खोटं बोलायचं बळ माझ्यात नव्हतं. त्यांनी कोर्टाकडे पुढची तारीख मागितली, आणि मी दुपारी स्वतः बँकेला कळवलं. कर्ज थांबलं. महिनाभरात मॉरीनचं लायसन्स एका मोठ्या सुपरमार्केटने घेतलं. मॉरीनना आमच्यापेक्षा जास्त किंमत मिळाली. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या म्हातारपणाची तीच सोय होती.

ऑपरेशन पाच तास चाललं. घरी इरा, आमची नऊ वर्षांची मुलगी, दर थोड्या वेळाने विचारत होती, "आई, इज बाबा गोइंग टू बी ग्रँड?" इथे ग्रँड म्हणजे ठीक, बरं. मी मान हलवत राहिले.

तो वाचला. छातीचं हाड तारेने बांधलेलं, त्यामुळे तीन महिने काही उचलायचं नाही. क्रेट मी उचलत होते. दुकान कसंबसं चाललंय. किती दिवस चालेल, माहीत नाही. आणि मिलिंद म्हणत राहिला, कोर्टाच्या तारखेपर्यंत आणखी पंधरा दिवस कळ सोसली असती तर लायसन्स आपलं असतं.

२०२१ च्या मार्चमध्ये तपासणीच्या वेळी हे तो कार्डिओलॉजिस्टसमोरही म्हणाला. त्यांनी शांतपणे फाइल मिटली. "ते पंधरा दिवस तुमच्याकडे नव्हते."

परतताना, गावाच्या अलीकडे, मिलिंद अचानक म्हणाला, "डाव्या खांद्यात जरा कळ येतेय."

मी गाडी तिथूनच हॉस्पिटलकडे वळवली. ईसीजी झाला, रक्त तपासलं, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. नुसता स्नायू आखडला होता.

नर्सला वाटलं, दिवस फुकट गेला म्हणून मी रडतेय. या वेळी त्याने मला लगेच सांगितलं होतं, एवढंच कारण होतं.